आजीचं बायबल, जांभळी पेन्सिल आणि ‘नऊ पायली’: सल्ला हवा आहे

माळवदी | रवि, रात्री ९:४०

गेल्या महिन्यात आमची आजी गेली. नव्वदी ओलांडली होती, शेवटचे आठ दिवस सोडले तर अंथरुणाला खिळली नव्हती. त्यामुळे हा धागा सांत्वनासाठी नाही. प्रश्न व्यावहारिक आहे, शेवटी विचारते. आधी थोडं पाल्हाळ लावणार आहे, चालवून घ्या.

गाव नेवासे तालुक्यातलं, वडाळ्याच्या बाजूचं. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं, पुढे त्यांनी आमच्याकडे खेडोपाडी शाळा आणि प्रार्थनामंदिरं काढली, त्यातलंच एक आमच्या गावातलं. दगडी भिंती, वर पत्रा, बाहेर चिंचेला टांगलेली घंटा. आजी लग्न होऊन आली ती चर्चच्या शेजारच्या घरात, आणि चर्चची किल्ली तिच्या कमरेला आली ती सासूकडून. १९७० साली उत्तरेकडचे काही प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, बाहेरचा बोर्ड बदलला. किल्ली कमरेलाच राहिली.

दफनविधीच्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. ‘प्रेमळ, भोळ्या, धर्मपरायण’. फोटोत आजी हसत होती. ती फोटोत कधी हसायची नाही, तो कुठल्या लग्नातला पकडून आणला कोण जाणे. प्रेमळ ठीक आहे. धर्मपरायणही ठीक. पण भोळी? आमच्या आजीला भोळी म्हणणाऱ्याने तिच्याशी कधी बाजरीचा भाव केलेला नाही.

पाळकसाहेबांनी नीतिसूत्रांचा ३१वा अध्याय वाचला. बायकांच्या दफनाला बहुतेक तोच वाचतात, सद्‌गुणी स्त्रीचा. लोक डोळे पुसत होते. मी पहिल्यांदा नीट ऐकलं. त्यातली बाई शेत बघून विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, कापड विणून व्यापाऱ्याला विकते, रात्री तिचा दिवा विझत नाही. भोळी कुठे आहे ती?

आता मूळ मुद्दा. तिचं बायबल माझ्याकडे आलं आहे (तात्पुरतं, त्यावरून घरात थोडं वाजलंय). मुखपृष्ठावर ‘पवित्र शास्त्र’ असं लिहिलेली बायबल सोसायटीची जुनी प्रत. मेणकापडात गुंडाळलेली, वर परकराची नाडी. पाठीचा कणा सुटलाय, उत्पत्तीची पहिली काही पानं हातात येतात, स्तोत्रांच्या भागाला कसर लागली आहे. २३वं स्तोत्र जिथे आहे ते पान बोटाने झिजून तपकिरी झालंय, कारण ती प्रत्येक ओळीखाली बोट फिरवून वाचायची. लग्नानंतर पाळकीणबाईंनी तिला बाराखडी शिकवली, ती थेट शास्त्रावरच. आधी पाटी नाही, पुस्तक नाही.

मागच्या कोऱ्या पानांवर तिने स्वतःच्या हाताने घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू लिहिलेत. आणि मध्येच हिशेब. जिभेला लावून लिहायची पेन्सिल असायची पूर्वी, ओली झाली की जांभळी उमटायची, तिने. एक ओळ अशी: ‘७२. ९ पायली. मंडळीचे.’ त्याच्यापुढे तीन वेगवेगळ्या वेळी मारलेल्या रेघा आणि शेवटी ‘फिटले’. हे काय आहे ते घरात कुणालाच माहीत नाही.

प्रश्न: हे पुस्तक टिकवायचं कसं? एक चुलतभाऊ म्हणतो लॅमिनेट करू. आत्या म्हणते सेलोटेप लाव. मधे मधे ठेवलेली एस.टी.ची तिकिटं आणि एक वाळलेलं पान आहे, ते काढायचं की ठेवायचं?

---

नगरी_चहा | रवि, रात्री १०:०५

भावपूर्ण श्रद्धांजली. फ्लेक्सबद्दल अगदी अगदी. आमच्या आजोबांच्या फ्लेक्सवर ‘शांत, संयमी’ होतं. आख्खी आळी त्यांच्या शिव्यांनी उठायची.

मंडळीचे म्हणजे चर्चचे ना? बाहेरच्यांसाठी सांगा जरा.

---

माळवदी | रवि, रात्री १०:१२

हो. आमच्यात मंडळी म्हणजे चर्चचे लोक, चर्चची संस्था, दोन्ही. ‘मंडळीत आला’, ‘मंडळीची मिळकत’ असं.

---

पोथीवाला | रवि, रात्री ११:२०

मी जुन्या पोथ्यांचं काम करतो, पुण्यात. आधी दोन गोष्टी करू नका: लॅमिनेशन आणि सेलोटेप. सेलोटेपचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो, नंतर तो काढताना अक्षरं निघून येतात. लॅमिनेशनला तर परतीचा रस्ताच नाही.

मग हे करा.

सगळ्यात आधी पानन्‌पान फोटो काढा. खिडकीजवळ, थेट ऊन पडणार नाही अशा ठिकाणी. फ्लॅश नको. मागच्या लिहिलेल्या पानांचे दोन-दोन काढा.

कसर काढायला मऊ ब्रश, पानाच्या आतल्या बाजूकडून बाहेर. फडक्याने पुसू नका. बायबलचा कागद मुद्दाम पातळ बनवलेला असतो, लगेच फाटतो.

जांभळ्या पेन्सिलीबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. ती कॉपिंग पेन्सिल. पाणी लागलं की अक्षर पसरतं, आणि एकदा पसरलं की संपलं. फाटलेल्या पानांना आम्ही पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ लावतो, पण खळीत पाणी असतं. म्हणून ती मागची पानं कुठल्याही हौशी माणसाच्या हातात देऊ नका. पावसाळ्यात तर नुसती हवासुद्धा पुरते, तेव्हा मेणकापडातून काढा. मेणकापड ओल आत कोंडून ठेवतं. धुतलेलं, खळ नसलेलं सुती कापड घ्या. सोबत वेखंडाची पुरचुंडी ठेवा, पण पानांच्या मधे नाही, डाग पडतात. डांबराच्या गोळ्या नकोत.

तिकिटं काढून वेगळ्या पाकिटात ठेवा आणि प्रत्येकावर ‘अमुक पुस्तक, अमुक अध्याय’ असं लिहा. टाकू नका. माणूस कुठे थांबला होता ते त्यावरून कळतं.

---

माळवदी | रवि, रात्री ११:४१

धन्यवाद, फारच. मेणकापडाचं माहीतच नव्हतं, आम्हाला वाटायचं त्यानेच टिकलं.

तिकिटं पाहिली आत्ता. तीन ‘रूथ’मध्ये आहेत. सासू-सुनेचं पुस्तक. आजी आणि तिची सासू यांचं कसं होतं यावर घरात दोन मतं आहेत.

---

तुळशीमाळ | सोम, सकाळी ७:१५

आमच्याकडे आजीची ज्ञानेश्वरी अशीच. लाल कापड, वेखंड, आणि मधे मधे आषाढीच्या एस.टी.ची तिकिटं! नेवासं म्हटल्यावर राहवलं नाही, ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती तुमच्याच तालुक्यात.

एक विचारू? वाईट वाटून घेऊ नका. आजी कुंकू लावायच्या का? मंगळसूत्र?

---

माळवदी | सोम, सकाळी ९:३०

वाईट कसलं. कुंकू नाही. काळे मणी होते, मधे छोटा क्रूस. नऊवारी शेवटपर्यंत. लांबून बघितलं तर फरक कपाळाचा.

आणि भजनं टाळ-मृदंगावरच. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती गीतं अभंगात आणि ओवीत रचली ती आमच्या मंडळीत अजून पाठ आहेत. तुमच्या आजी आमच्या आजीशेजारी बसल्या असत्या तर ठेका चुकला नसता. आजी फक्त शेवटचं पद जरा ओढायची, पेटीवाल्याचा जीव जायचा.

---

खडूस_वाचक | सोम, दुपारी १:०२

सगळ्यांचे गळे दाटलेत म्हणून मी विचारतो. पन्नास-साठ वर्षं झाडलोट केली, घंटा वाजवली, किल्ली सांभाळली. पगार किती? मंडळीच्या पंचांत कधी घेतलं का? देवळात तेच, चर्चमध्ये तेच, मशिदीत तेच. बायकांच्या फुकट मजुरीला आपण भक्ती म्हणतो आणि मेल्यावर फ्लेक्स लावतो.

---

नगरी_चहा | सोम, दुपारी १:१५

खडूसराव, वेळकाळ?

---

माळवदी | सोम, दुपारी २:२०

नाही, बरोबर बोलताहेत. मलाही हेच म्हणायचं होतं, मी ‘भोळी’वरून सुरुवात केली ती त्याचसाठी.

पगार शून्य. नाताळात एक लुगडं. पंचांत सत्तरीच्या आसपास एकदा घेतलं, ‘बाईमाणूस एक पाहिजे’ म्हणून. दोन बैठकांना गेली. तिसऱ्यांदा बोलावणं आलं तेव्हा म्हणाली, “तिथं नुसता चहा पित्यात. मला शनिवारी सारवायचं असतंय.” फरशी बसली ती बऱ्याच उशिरा, तोवर दर शनिवारी शेणाने सारवण. मी सुट्टीत जायचे तेव्हा बादली माझ्याकडे. उलट्या पावली मागे सरकत सारवत यायचं, वेदीकडून दाराकडे. शेवटचा हात उंबऱ्यावर, मग बाहेर. आणि सकाळी पहिलं पाऊल कुणाचं पडतं ते ती दारात उभी राहून बघायची. ओल्यात पाय दिला तर पाळकालाही सोडायची नाही.

तिला त्यातून काय मिळत होतं ते मला नक्की सांगता येणार नाही. पण ते ‘भोळेपणाने फुकट’ नव्हतं. त्या खोलीवर तिचा हक्क होता, आणि तो तिने कुणाला विचारून घेतला नव्हता.

---

सुकेळी | सोम, संध्या. ६:४५

वसईहून. आम्ही कॅथलिक, तुमच्याकडची उपासना वेगळी, पण आजी तीच निघाली!

आमच्या आजीची वही होती, मेलेल्यांची. कुणाकुणासाठी मिस्सा (चर्चमधली उपासना) सांगायची, कुणासाठी नोव्हेंबरच्या दोन तारखेला कबरीवर मेणबत्ती लावायची, नावानिशी यादी. त्यात शेजारच्या आगरातला आमचा भांडखोर वाटेकरीसुद्धा. जिवंतपणी त्याच्याशी बांधावरून कोर्टात. मेल्यावर यादीत. विचारलं तर म्हणे, “आता त्याला गरज आहे.”

संध्याकाळी सातला जपमाळ, तेव्हा दारात कोणीही आलं तरी आधी गुडघे टेकायचे, मग काम सांगायचं. विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला मुलगा एकदा पाच मिनिटं गुडघ्यांवर होता. आणि उन्हाळ्यात अंगणात राजेळी केळी सोलून वाळत घातलेली, सुकेळ्यांची. जप चालू असताना एक डोळा कावळ्यांवर. ‘नमो मरिया, हाड हाड, कृपापूर्ण’ असंच आम्ही लहानपणी म्हणायचो.

२०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो झाले, ते टीव्हीवर दाखवत होते तेव्हा आजी डोक्यावर पदर घेऊन बसली होती. आपला माणूस मराठीच्या मांडवात, म्हणून.

---

मांडवीतीर | सोम, रात्री ८:१०

गोव्यात आमच्या वाड्यावर एक म्हातारी होती, रस्त्याकडेच्या खुरसाची, म्हणजे क्रूसाची, देखभाल करायची. चुना, फुलं, तेल. आमचं घर हिंदू, पण तेर्साच्या (क्रूसापुढच्या प्रार्थनेच्या) रात्री खाजें, तो गोड खाऊ, आमच्या घरी यायचंच. ती गेल्यावर दोन पावसाळे खुरसाला चुना लागला नाही. मग माझ्याच काकाने लावला.

---

गावठी_इंजिनिअर | सोम, रात्री १०:५५

माळवदी. वडाळ्याच्या बाजूचं गाव, चिंचेची घंटा, परकराची नाडी.

ताई, तूच ना? मी तोच ‘लॅमिनेट करू’वाला चुलतभाऊ.

---

माळवदी | सोम, रात्री ११:०१

अरे देवा.

---

नगरी_चहा | सोम, रात्री ११:०३

😂😂 बसा आता मंडळी, चहा टाकतो.

---

गावठी_इंजिनिअर | सोम, रात्री ११:३०

लॅमिनेशन मागे घेतलं. पोथीवाल्यांचं वाचलं.

पण ‘घरात कुणालाच माहीत नाही’ हे चूक आहे. नऊ पायलीचं मी नानांना (आजीच्या मुलाला) आत्ता फोन करून विचारलं. झोपले होते, चिडले, मग पाऊण तास बोलले. जसं सांगितलं तसं लिहितो.

आधी मूठ-धान्याचं सांगायला हवं. आमच्या मंडळीतल्या बायका भाकरी थापायला पीठ घेतलं की त्यातलं, किंवा दळायच्या आधी जोंधळ्यातलं, एक मूठ बाजूला गाडग्यात टाकायच्या. रविवारी ते चर्चमध्ये आणायचं, एका कणगीत ओतायचं. पैसे कुणाकडेच नव्हते, पण मूठ होती. त्यातून पाळकाच्या पगाराचा वाटा निघायचा. कणगी चर्चच्या मागच्या खोलीत, आणि त्या खोलीची किल्ली अर्थात आजीकडे.

१९७२. पाऊस नाही. गावातली निम्मी माणसं खडी फोडायला, आजीसुद्धा, नानांना कडेला बसवून. कामावर सुकडी मिळायची, रेशनला तो लाल मिलो (परदेशातून आलेला जोंधळा), ज्याची भाकरी थापली की तुटायची. कणगीत साठलेले नऊ पायली जोंधळे होते, पाळकासाठी राखून ठेवलेले. गावात एक घर होतं, मंडळीतलं नाही, माळकरी. त्या घरातली बाई बाळंत झालेली, नवरा काम शोधायला नगरकडे गेलेला तो परत आलेला नाही. आजीने रात्री खोली उघडली आणि नऊच्या नऊ पायली दोन खेपांत तिकडे पोचवले. कुणाला विचारलं नाही. आजोबांनाही नाही.

रविवारी पंचांनी कणगी उघडली.

नाना म्हणतात फार मोठं भांडण झालं. एकाने ‘चोरी’ हा शब्द वापरला. किल्ली काढून घेतली. आजी म्हणाली की चोरी नाही, उसनं आहे, लिहून ठेवलंय. आणि खरंच लिहिलं होतं, शास्त्राच्या मागे, सगळ्यांसमोर उघडून दाखवलं. तीच ही ओळ. पंच म्हणाले धान्य परत येईपर्यंत किल्ली नाही.

तिने ते तीन सुगींत फेडलं. म्हणून तीन रेघा. तोपर्यंत ती रविवारी चर्चला यायची, पण शेवटच्या ओळीत, दाराजवळ बसायची. सारवण दुसऱ्या कुणीतरी केलं. नाना म्हणतात, “आणि ते काय सारवण होतं व्हय? पापुद्रे निघायचे.” हे ते पन्नास वर्षांनी फोनवर रागाने बोलत होते.

---

माळवदी | मंगळ, रात्री १२:१४

मला हे माहीत नव्हतं. एवढी वर्षं त्या घरात राहून.

आजी नेहमी दाराजवळच बसायची. पुढे जागा असली तरी. मी विचारलं होतं तर म्हणाली होती, तिथं वारा लागतो.

---

खडूस_वाचक | मंगळ, सकाळी ८:४०

‘फुकट मजुरी’ मागे घेत नाही. बाकी आजींना सलाम.

आणि ज्यांनी चोरी म्हटलं त्यांच्या मुलांनी फ्लेक्सला वर्गणी दिली असेल, पैज.

---

गावठी_इंजिनिअर | मंगळ, सकाळी ९:०५

दिली. पाचशे.

---

तुळशीमाळ | मंगळ, सकाळी ९:५०

ते माळकरी घर आहे का अजून गावात?

---

गावठी_इंजिनिअर | मंगळ, सकाळी १०:३०

घर पडलं. माणसं सुरतेकडे गेली, नानांना एवढंच आठवतं. बाई कधीतरी परत आली होती म्हणतात, आजीला एक वाटी देऊन गेली, पितळी. ती वाटी कुठली ते मात्र त्यांना सांगता येईना. स्वयंपाकघरात सात पितळी वाट्या आहेत, ताई.

---

माळवदी | मंगळ, सकाळी ११:१०

त्यातली एक आत्याने नेली. आता भांडण वाढवू नकोस.

---

दूरचा_पाहुणा | मंगळ, दुपारी ४:००

विषयांतर करतो, पण धाग्यात आलंय म्हणून. आजींच्या कुटुंबाला सवलती मिळाल्या का? आमच्याकडे नेहमी ऐकतो की मिशनमुळे यांचं बरं चाललं.

---

माळवदी | मंगळ, दुपारी ४:४५

मिशनमुळे अक्षर आलं, दवाखाना आला, हे खरं. सवलतींचं उलटं आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या धरल्या, १९५६ला शीख आणि १९९०ला बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही नाहीत. गावात विहिरीवर जात तीच राहिली, फॉर्मवर मात्र गेली. माझ्या वडिलांनी जातीचा रकाना भरताना किती वेळ पेन धरून ठेवलं असेल ते मी पाहिलंय. यावर वेगळा धागा काढा, मी येईन. इथे आजीचं चालू दे.

---

दूरचा_पाहुणा | मंगळ, दुपारी ५:०२

माहीत नव्हतं. क्षमस्व.

---

सुकेळी | मंगळ, संध्या. ६:३०

एक शंका. प्रत पंडिता रमाबाईंच्या भाषांतराची नाही ना? तसं असेल तर फारच जपा. त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत केलेलं, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायकांनीच छापलेलं. रमाबाई १९२२ साली गेल्या, पुस्तक त्यानंतर बाहेर आलं.

---

माळवदी | मंगळ, संध्या. ७:०५

नाही, सोसायटीचीच. पण आजीच्या बोलण्यात रमाबाई यायच्या, ‘केडगावची बाई’ म्हणून. जणू परवा भेटली होती.

---

पोथीवाला | मंगळ, रात्री ९:१५

माळवदी, गावठी इंजिनिअर, दोघांनाही: पुस्तक माझ्याकडे आणायचं असेल तर आणा, निरोप पाठवतो. फक्त एक. जो कोणी शिवणार असेल त्याला, मलासुद्धा, तोंडी नाही तर लिहून द्या की कडा कापायच्या नाहीत. बाइंडर सवयीने तीन बाजूंनी कटिंग मारतो, पुस्तक नीटस दिसावं म्हणून. तुमच्या फोटोत दिसतंय की शेवटच्या पानावरची रेघ अगदी कडेपर्यंत गेली आहे. तिसरी. ती जाईल.

---

माळवदी | मंगळ, रात्री ९:४०

लिहून देते. शनिवारच्या एस.टी.ने येते. सुती कापडात, वेखंडासकट.

वाटण्याचं आमचं ठरलं: फोटो सगळ्यांना, पुस्तक नानांकडे. ते असेपर्यंत तरी.

---

नगरी_चहा | मंगळ, रात्री ९:५५

आणि किल्ली? शीर्षकात नाही, पण मी पहिल्यापासून त्याचीच वाट बघतोय.

---

गावठी_इंजिनिअर | मंगळ, रात्री १०:२०

किल्ली आमच्या कुणाकडेच नाही. जायच्या आधीच्या आठवड्यात आजीने समोरच्या घरातल्या मुलीला बोलावून दिली. नववीत आहे. पंचांना नंतर कळलं.

घंटा आता सव्वानऊच्या ऐवजी साडेनऊला होते. पाळकसाहेब कुरकुर करतात. नाना म्हणतात, सांगा त्यांना, आमच्या आईची पण पहिल्या वर्षी अशीच व्हायची.